व्हायोलिनच्या पोटातली कांडी

३ सप्टेंबर

आला! आज तो आला! बावीस वर्षांनी, स्वतःच्या पायांनी, आमच्या एकवीस पायऱ्या चढून, धापा टाकत आला. दार उघडून त्याला बघितलं आणि मला असं हसू फुटलं की सून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली — आईंना काय झालं म्हणून.

मोर. म्हणजे गुरुजींचा पट्टशिष्य. नाव आहे त्याला, पण मी घेत नाही. गळ्यात रंगीत रुमाल, मान उंच, चालणं असं की जणू मागे पिसारा आहे. त्या पिसाऱ्याची आता पार केरसुणी झाली आहे. केस पांढरे, गुडघा धरून चढत होता. फार छान वाटलं!

हातात व्हायोलिनची पेटी. मी लगेच ओळखली. कोपऱ्यावरचं चामडं मीच शिवलेलं.

"काकू, गुरुजींना जाऊन वर्ष होतंय," म्हणाला. चौदा ऑक्टोबरला मोठ्या सभागृहात त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम. हा त्यांचंच व्हायोलिन वाजवणार. "पण आवाज बसलाय. तीन वर्षं झाली, कुणाचा हात लागलेला नाही. दुसऱ्या कुणाकडे न्यायला मन होत नाही."

तीन वर्षं म्हणे! आमच्या घराचा हात लागून बावीस झाली, मेल्या! सगळं मनातच. गोड हसले. चहा दिला. साखर घातली नाही.

"काकू, अजून एक सांगायचं होतं…"

"पेटी ठेवा आणि या," म्हटलं. मला काय सांगतोस तू!

४ सप्टेंबर

काल आनंदाच्या भरात अर्धंच लिहिलं. ही वही सुनेने आणून दिली. "आई, तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलता, थोडं हिच्याशीही बोला." शहाणी आहे. मी चौथीपर्यंत शिकले, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, पण माझं मला लागतं. आणि दुसऱ्या कुणी वाचावं असं यात काही नाही. उलट न वाचलेलंच बरं — पुढे काय काय लिहायचंय!

तर. आमचे हे व्हायोलिनं दुरुस्त करायचे. खाली दुकान होतं. आता तिथे मुलगा छत्र्या आणि बॅगा विकतो. ह्यांचं टेबल मात्र हत्यारांसकट माझ्या खोलीत आहे. खोलीत एक तर ते मावतं नाही तर मी, असं सून म्हणते. गजाचे, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीचे, केस बदलायचं काम माझं. घोड्याच्या शेपटीचे केस, एका गजाला दीडशेच्या वर. जुडी करायची, गाठ दातांत धरायची, विंचरायची. केसांना बोट लावायचं नाही — बोटाचं तेल लागलं की त्या जागी आवाज घसरतो. पुढे ह्यांचे डोळे दमायला लागले तेव्हा कांडी बसवायलाही शिकले.

कांडी म्हणजे, वहीबाई, व्हायोलिनच्या पोटात लाकडाची करंगळीएवढी कांडी उभी असते. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. डिंक नाही, खिळा नाही. तारांचा ताण वरून दाबतो म्हणून उभी. केसभर हलली तर आवाज बदलतो. आणि चारही तारा एकदम सैल केल्या की संपलं! कांडी आडवी, आवाज मेला. म्हणून तारा बदलायच्या त्या एकेक करून. हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात.

मोराला बारा वर्षं शिकून कळलं नव्हतं!

बावीस वर्षांपूर्वी गुरुजींचा कार्यक्रम होता. त्या दुपारी याने घाईघाईत चारही तारा एकदम उतरवल्या, नव्या चढवल्या आणि गप्प बसला. संध्याकाळी गुरुजींनी मंचावर गज टेकवला तर आवाज डब्यातून आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ११ नोव्हेंबरला, गुरुजी आमच्या दुकानात. मागे मोर. दुकानात चार गिऱ्हाइकं.

"तुमच्या हाताने माझ्या वाद्याचा जीव घेतला."

आमचे हे एवढंच म्हणाले, "मी बसवलेली कांडी आपोआप पडत नाही. तारा कुणी काढल्या?"

मोर छताकडे बघत होता. आमच्या छताला बघण्यासारखं काहीही नव्हतं.

चारही तारा कोऱ्या करकरीत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या! पण गुरुजींनी शिष्याचं ऐकलं. ह्यांनी पडलेली कांडी वरच्या फळीतल्या भोकातून काढली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि पेटी परत दिली. मग मी जिन्यात उभी राहिले आणि ओरडले — "हे वाद्य पुन्हा या घरात आलं तर शेगडीत घालीन! आणि या घरातल्या कुणी त्याला हात लावला तर मी या घरात राहायची नाही!" अख्ख्या गल्लीने ऐकलं. समोरच्या न्हाव्याने वस्तरा खाली ठेवून ऐकलं.

त्यानंतर मरेपर्यंत ह्यांनी गुरुजींचं नाव काढलं नाही. इतकं लागलं होतं जिवाला. ती पडलेली कांडी माझ्या सुयांच्या डब्यात आहे. दर ११ नोव्हेंबरला उघडून बघते. राग ताजा राहतो.

दोन आठवडे गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग आलं ते पूर्वीच्या दुप्पट! माझ्या जिभेचा धाक, दुसरं काय.

५ सप्टेंबर

पेटी अजून उघडली नाही. तिच्यावर माझी उशी ठेवली आहे. बसू दे.

७ सप्टेंबर

खरं ते लिहायला हवं. इथे कोण बघतंय!

गुरुजींसारखा हात मी आयुष्यात ऐकला नाही. माणूस कच्च्या कानाचा, पण हात देवाघरचा. आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ते दुकानात आले, नुकतंच दुरुस्त झालेलं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि एकच स्वर ओढला. एकच. गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि मग परत. गज कुठे उलटला ते कळलंच नाही! पाणी भांड्यातून भांड्यात ओतावं आणि धार तुटू नये, तसं. मी गाठ दातांत धरून बसले होते. तोंड उघडं पडलं. दीडशे केस सगळ्या जमिनीवर! हे चिडले नाहीत. म्हणाले, "पडू दे. मलाही हातातलं सोडावंसं वाटलं."

आणि दुसरी खरी गोष्ट. शपथ घातल्यावरही मी रेडिओवर त्यांना ऐकायची. हे घरात नसताना. आवाज बारीक करून, कान लावून, चोरासारखी. शेवटच्या वर्षांत तर त्यांचं वाद्य काय बोलायचं! खालच्या तारेला असा दाटपणा, जसं कुणी शेजारी बसून हळू आवाजात आपलीच गोष्ट सांगतंय. पूर्वी इतकं नव्हतं. मी ओळखलं — कुणीतरी दुसऱ्याने कांडी बसवली आहे, आणि आमच्यापेक्षा बरी बसवली आहे. असा जळफळाट झाला! ज्या कुणाचा तो हात असेल त्याला पायरीवर ठेच लागो, असं कितीदा म्हटलं असेन. मग पुन्हा रेडिओला कान.

९ सप्टेंबर

उघडली.

आरशाने आत पाहिलं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा छोटा आरसा, नागमोडी भोकातून घालायचा. कांडी थोडी सरकली आहे, एवढंच. पण काय घडवली आहे! टोकं फळीच्या उताराला अशी मिळवली आहेत की मधून उजेड जात नाही. ह्यांनी पाहिली असती तर शाब्बास म्हटलं असतं. मी नाही म्हणणार. परक्याचं काम.

ह्यांची एक रीत होती. कांडीवर पेन्सिलने तारीख घालायचे आणि पुढे जितक्या वेळा ती सारखी केली तितक्या बारीक खाचा पाडायचे. तेही भोकाकडून न दिसणाऱ्या बाजूला. "काम दिसू नये, ऐकू यावं." या बाईच्या कांडीला दिसते त्या बाजूला काही नाही, नुसतं गुळगुळीत लाकूड. बाई का म्हटलं कोण जाणे. बाप्याही असेल. कुणी का असेना!

डोळ्यांना ताण येतो. परवा डॉक्टर.

११ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. चष्म्याचा नंबर वाढला. मी आपली गप्पांना बसले. म्हटलं, आमचे हेही तुमच्याकडेच यायचे, दर वर्षी, नोव्हेंबरात, डोळे तपासायला. डॉक्टरांनी जुनी कपाटं उघडली, पुष्कळ शोधलं.

"आजी, तुमच्या घरचे कधीच आले नव्हते हो इथे."

कधीच नाही! दर नोव्हेंबरात एक दिवस सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी शीळ घालत यायचे. एकोणीस वर्षं! नंबर कसा बदलत नाही, असं मी विचारायचे तर म्हणायचे, डोळे टिकाऊ आहेत.

पत्ते! दुसरं काय असणार? त्या न्हाव्याबरोबर पत्ते कुटत बसत असतील. माणूस जाऊन तीन वर्षं झाली आणि आज भांडायला कारण सापडलं. फोटोसमोर उभी राहून बरंच बोलले. सून म्हणाली, "आई, बाबांना उत्तर द्यायची सोय नाही, जरा दमानं घ्या." म्हटलं, जिवंतपणी तरी कुठे देत होते!

पण मोराचा नंबर आधी. ह्यांचं नंतर बघू.

१८ सप्टेंबर

सुचलं!!

कार्यक्रमात मोर गुरुजींची शेवटची रचना वाजवणार आहे. सुरुवातीलाच सगळ्यात जाड तार एक पट्टी खाली उतरवायची असते, लोकांसमोर, मंचावर. उतरवली की ताण कमी. ताण कमी झाला की, कांडी नुसती टेकून ठेवलेली असेल तर…

टक्क!

तारा सैल करून पाडलीस ना? तारा सैल करूनच पडेल. भरल्या सभागृहात. आणि या वेळी मागे उभं राहून छताकडे बघायची सोय नाही.

मी अशी हसले की उचकी लागली.

२६ सप्टेंबर

काम छान चाललंय. आधी कांडी बाहेर न काढता, आतल्या आत नीट बसवते आहे, अगदी मन लावून. तो तपासायला येणार ना. आणि मलाही तो आवाज एकदा या खोलीत ऐकायचाय. मग शेवटच्या दिवशी वाकड्या सळईने एक टिचकी. केसभर. कुणाला कळायचं नाही.

गजाचे केसही बदलले. दात उरलेत सहा, पण समोरचे दोन आहेत! गाठ धरली. या कामात मात्र खोट केली नाही. माझ्या हातच्या गजाला नाव ठेवायला जागा राहू द्यायची नाही.

२ ऑक्टोबर

मोर आला. वाजवून पाहिलं.

काय लिहू! तोच आवाज. तोच दाटपणा. ह्यांचं टेबल थरथरलं, डब्यातल्या सुया वाजल्या. सून हातात ओला कपडा घेऊन दारात उभी, खाली पाणी ठिबकतंय आणि तिला पत्ता नाही. मोराने गज खाली ठेवला आणि त्या रुमालाने डोळे पुसले.

"काकू, हा काकांचाच हात आहे."

गोडबोल्या! मला पाघळवतोस?

"काकू, त्या वेळी तारा मी…"

"माहीत आहे मला," म्हटलं. "बावीस वर्षं माहीत आहे. जाड तार जरा ढिली वाटते, परत ठेवून जा. तेराला घेऊन जा."

त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि जिना उतरला. गुडघा धरून. एका पायरीवर थांबला. मला वाटलं परत चढतो की काय. नाही चढला. बरं झालं.

१३ ऑक्टोबर

टिचकी मारली. पेटी गेली. हात जरासुद्धा हलला नाही माझा!

१४ ऑक्टोबर

झालं!

तिसरी रांग, मधली खुर्ची. मुलगा एका बाजूला, सून दुसऱ्या. मी नवा चष्मा लावून, ठेवणीतली साडी नेसून बसले होते. गुरुजींचा मोठा फोटो होता मंचावर. तरुणपणचा. तो एक स्वर ओढला त्या दिवशी दुकानात असेच दिसत होते.

मोर आला. त्याने खुंटी पिळली, जाड तार उतरू लागली, हळूहळू उतरली — आणि मी ऐकलं. टक्क! इतर कुणाला खुर्ची वाजल्यासारखं वाटलं असेल. त्याला कळलं. त्याचा चेहरा असा उतरला की मी सुनेचा हात दाबला. ती म्हणाली, "आई, लागतंय."

त्याने गज टेकवला. डब्यातला आवाज. रिकाम्या डब्यातला!

लोक कुजबुजले. मागे कुणीतरी म्हणालं, गुरुजींच्या वाद्याची काय वाट लावली याने. काय गोड शब्द! मी मनात म्हटलं, आता बघ छताकडे.

त्याने छताकडे बघितलं नाही. पुढे आला आणि म्हणाला, "माफ करा. आत आधाराची कांडी पडली आहे. तारा उतरवताना चूक माझ्या हातून झाली. ज्यांनी हे वाद्य सांभाळलं त्यांचा यात काडीचा दोष नाही."

आणि माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत, सरळ माझ्याकडे. त्याला कळलं होतं की काय? कळलंच असणार. बारा वर्षं आणि वर बावीस वर्षं शिकलाय.

मग मागच्या वादकांपैकी एका मुलीचं व्हायोलिन मागून घेतलं आणि सगळी रचना त्याच्यावर वाजवली. साधं वाद्य. आवाज पातळ. मी पुसायला चष्मा काढला होता, म्हणून नुसतं ऐकत होते. गज कुठे उलटतो ते ऐकत होते. शेवटपर्यंत सापडलं नाही. धार तुटली नाही. पाणी भांड्यातून भांड्यात.

म्हणजे तो हात गेला नाही तर. मोराकडे आहे. देणाऱ्यालाही दुसरा कुणी मिळाला नाही!

मला मजा आली. आली ना? आलीच.

१५ ऑक्टोबर

हे शब्द त्याने बावीस वर्षांपूर्वी म्हटले असते तर! एवढंच मनात येतंय. सकाळपासून तिसऱ्यांदा भांडी घासली. सून म्हणते, "आई, ती घासलेलीच होती."

जिंकले मी. लिहून ठेवते. जिंकले.

१६ ऑक्टोबर

मोराने पेटी पाठवली आहे, सभागृहातल्या शिपायाबरोबर. चिठ्ठी नाही. शिपाई म्हणाला, "साहेब म्हणाले, काकूंना सांगा, कांडी बाहेर काढून बघा. मी शपथेत अडकलोय, ती अडकलेली नाही."

कसली शपथ? कुणाची? पुन्हा नखरे!

१७ ऑक्टोबर

भोकातून कांडी काढली. नवा चष्मा लावून उजेडात धरली.

ह्यांचं अक्षर.

१९ नोव्हेंबर, त्याच सालचा. भांडणानंतर आठ दिवसांनी. खाली खाचा. दोनदा मोजल्या. एकोणीस. डबा घेऊन गेलेल्या नोव्हेंबरांइतक्या.

सुयांच्या डब्यातली जुनी काढून शेजारी ठेवली. दोघी एका फांदीच्या.

मोराला बोलावलंय; ह्यांनी घातलेल्या शपथेतून सोडवायचंय. चहात साखर घालून ठेवली आहे. तो येईपर्यंत कांडी बसवायची आणि त्याआधी विसावी खाच पाडायची. पाडेन. चाकू हातात आहे. डोळ्यांना काही दिसेल तर.